पोटाची दुर्बीण : ऐकीव हिशोब आणि प्रत्यक्ष पाहणी



व्यापारी कुटुंबांत पोटाच्या तक्रारीला आजार मानण्याची पद्धत नाही. ताप आला तर माणूस अंथरूण धरतो, पाय मुरगळला तर वैद्याकडे जातो; परंतु छातीत जळजळ होत असली, आंबट ढेकर येत असले, दोन घास खाताच पोट दगडासारखे जड होत असले, तरी गल्ल्यावरची बैठक काही सुटत नाही. गल्ल्याच्या एका कप्प्यात सुटी नाणी आणि दुसऱ्या कप्प्यात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी, हे दृश्य आपल्या पेठांतून मुळीच दुर्मीळ नाही. 'जरा पित्त झाले आहे' एवढ्या एका वाक्यात आपण अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंतच्या साऱ्या तक्रारी गुंडाळून ठेवतो आणि वर्षामागून वर्षे गोळी घेऊन कामाला लागतो. डॉक्टरांनी 'एकदा दुर्बीण घालून पाहू या' असे सुचवले, की मात्र घरात शांतता पसरते. दिवाळी होऊ द्या, लग्नसराई होऊ द्या, मार्चअखेर होऊ द्या, अशी मुदतवाढ सुरू होते.

बँकेच्या कर्ज विभागात काम करताना कॅश क्रेडिटच्या खातेदारांकडून दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट येत असे. कागद व्यवस्थित असे, बेरजा बिनचूक असत. तरीही अधूनमधून गोदामात प्रत्यक्ष जाऊन माल पाहण्याचा नियम होता. तो अविश्वासापोटी नव्हता. वरची थप्पी नीट दिसत असताना खालच्या पोत्यांना ओल लागली आहे, कोपऱ्यात वाळवी शिरली आहे, हे कित्येकदा प्रामाणिक मालकालाही ठाऊक नसे. पोटाच्या बाबतीत आपली लक्षणे म्हणजे असेच एक स्टेटमेंट होय. ते खोटे नसते, पण पूर्णही नसते. दुर्बिणीची तपासणी, अर्थात एन्डोस्कोपी, म्हणजे दिवा घेऊन गोदामात शिरणे.

एकच जळजळ अनेक कारणांनी होते. आम्ल अन्ननलिकेत उलटे चढल्याने होते, जठराच्या किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रणाने होते, कधी आतून काहीही दोष नसताना केवळ पोटाच्या संवेदनशीलतेमुळे होते, कधी ती हृदयाची तक्रार निघते आणि क्वचित कर्करोगाचीही पहिली खूण असते. आम्ल कमी करणारी गोळी यांतील बहुतेक प्रकारांत थोडाफार आराम देते. धोका येथेच आहे. गोळीने बरे वाटले म्हणजे कारण साधे होते, असे सिद्ध होत नाही. काही वेळा तर व्रणाखाली दडलेला गंभीर आजारही गोळीमुळे काही काळ गप्प बसतो आणि आपण मोलाचे महिने गमावतो.

काचेच्या तंतूंची वाट

मनुष्याच्या पोटात जिवंतपणी डोकावण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८६८ साली जर्मनीत आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी केला. त्यासाठी त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाची मदत घेतली, कारण सरळ ताठ नळी घशातून खाली जाऊ देणे सामान्य माणसाला अशक्यच होते. पुढे १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांनी काहीशी वाकणारी नळी तयार करवून घेतली. तरीही रुग्णाचे हाल आणि डॉक्टरांना दिसणारे अपुरे चित्र ही अडचण राहिलीच.

ही अडचण सुटण्यात एका भारतीयाचा वाटा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत संशोधन करीत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी वाकवली तरी तिच्यातून प्रतिमा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, हे त्या दोघांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. तो लेख वाचून अमेरिकेतील मिशिगन येथे काम करणारे डॉक्टर बेसिल हिर्शोविट्झ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह काचतंतूंची लवचीक दुर्बीण घडवली आणि १९५७ च्या फेब्रुवारीत रुग्णावर वापरण्यापूर्वी ती प्रथम स्वतःच्या घशातून उतरवून पाहिली. कपानी यांना भारत सरकारने २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिले. १९८० च्या दशकात काचतंतूंच्या जागी टोकाला सूक्ष्म कॅमेरा आला आणि चित्र पडद्यावर दिसू लागले.

याच दुर्बिणीने वैद्यकातील एक दृढ समजूतही मोडली. पोटातील व्रण चिंता, मसाले आणि आम्ल यांमुळेच होतो, असे डॉक्टरही मानत असत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ साली दुर्बिणीतून काढलेल्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू आढळले. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हे जंतू असलेला द्रव स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांत त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि एन्डोस्कोपीत जठराला सूज आल्याचे दिसले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. दोघांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या व्रणासाठी पूर्वी जन्मभर पथ्य, किंवा थेट शस्त्रक्रिया करावी लागे, तो व्रण जंतूमुळे झालेला असल्यास आज साधारण १४ दिवसांच्या औषधांनी मुळापासून बरा होऊ शकतो. मात्र जंतू आहे की नाही हे आधी पाहावे लागते. अंदाजाने प्रतिजैविके घेऊन चालत नाही.

प्रत्यक्षात काय करतात?

वरच्या भागाच्या तपासणीची दुर्बीण सुमारे १ सेंटिमीटर जाडीची, म्हणजे करंगळीहून बारीक आणि साधारण १ मीटर लांब असते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवतात आणि दातांत एक पोकळ ठोकळा धरायला देतात. दुर्बीण श्वासनलिकेत नव्हे, अन्ननलिकेत जाते; त्यामुळे श्वास चालूच राहतो. उबळ येते, डोळ्यांत पाणी येते, हे खरे. वेदना मात्र सहसा होत नाही. केवळ पाहणी असेल तर ५ ते १० मिनिटांत काम आटोपते. फार भीती वाटत असेल तर शिरेतून गुंगीचे औषध देता येते. ते घेतल्यास त्या दिवशी आणि पुढील २४ तास वाहन चालवू नये. व्यापाऱ्यांसाठी मी आणखी एक सूचना आवर्जून करीन : त्या अवधीत धनादेशावर किंवा कोणत्याही कागदपत्रावर सही करू नये आणि सौदाही ठरवू नये. गुंगी उतरल्यासारखी वाटते, पण निर्णयशक्ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

संशयास्पद जागा दिसली तर दुर्बिणीतील बारीक वाटेने चिमटा घालून दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे काढतात. यालाच बायोप्सी म्हणतात. आतील अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही, त्यामुळे रुग्णाला ते कळतही नाही. 'बायोप्सी म्हणजे कॅन्सर' हा समज सर्वथा चुकीचा आहे. जंतूचा शोध, गव्हातील ग्लूटेन न सोसल्याने होणारा सीलिॲक रोग, जठराच्या अस्तराची झीज अशा अनेक कारणांसाठी तुकडा घेतात.

मोठ्या आतड्याच्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. ती दुर्बीण गुदमार्गाने घालतात. वेळ साधारण अर्धा तास लागतो आणि बहुधा गुंगी देऊनच ती करतात. या दोन्हींच्या मधल्या, कित्येक मीटर लांब अशा लहान आतड्यासाठी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देतात. ती वाटेत हजारो छायाचित्रे काढते आणि नंतर शौचावाटे निघून जाते.

पाहणी आणि दुरुस्ती एकाच वेळी

बँकेचा अधिकारी गोदामातील ओल पाहून अहवाल लिहितो आणि परततो. आजची दुर्बीण मात्र पाहता पाहता दुरुस्तीही करते, आणि हाच गेल्या काही दशकांतील सर्वांत मोठा बदल आहे.

आमच्या परिचयातील एका भुसार व्यापाऱ्यांचे उदाहरण देतो. वय ६८. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू होते आणि गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही. चार दिवस त्यांना डांबरासारखा काळा, चिकट शौच होत होता. घरात सांगण्याजोगे त्यांना ते वाटले नाही. हंगाम सुरू होता आणि आवक मोठी होती. पाचव्या दिवशी सकाळी मंदिरात पूजेला उभे असताना घेरी येऊन ते खाली कोसळले. रुग्णालयात हिमोग्लोबिन ७ च्याही खाली निघाले. रक्त चढवून त्याच दिवशी एन्डोस्कोपी केली. लहान आतड्याच्या आरंभी व्रण होता आणि त्याच्या तळाशी एक उघडी रक्तवाहिनी ठिबकत होती. दुर्बिणीतूनच इंजेक्शन देऊन दोन बारीक धातूच्या क्लिपा लावल्या आणि रक्त थांबले. पोटावर एकही टाका पडला नाही. पूर्वी अशा रुग्णाचे पोट अनेकदा उघडावे लागे. पंधरवड्यात ते पेढीवर आले. वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद झाल्या. ॲस्पिरिन पुन्हा केव्हा सुरू करायचे ते हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवले, आणि त्यासोबत आम्ल कमी करणारी गोळी कायम घेण्यास सांगितले. तीच गोळी, पण आता कारण माहीत असलेली. वैर गोळीशी नाही, कारण न शोधता घेतलेल्या गोळीशी आहे.

त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, दुकानातला एक दाणा कमी झाला तर यांना कळतं, अंगातलं रक्त चार दिवस गेलं ते कळलं नाही."

दुर्बिणीतून होणारे इतर उपचारही थोडक्यात सांगतो. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात. त्यांना रबराच्या बारीक कड्या घालून आवळतात. अरुंद झालेली अन्ननलिका फुग्याने रुंद करतात. अन्ननलिकेचे खालचे द्वार उघडत नाही, अशा विकारात दुर्बिणीतूनच आतले स्नायू छेदण्याची 'पोएम' ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली आणि आता आपल्याकडेही प्रचलित आहे. पित्ताशयातून घसरून पित्तनलिकेत अडकलेला खडा ईआरसीपी या पद्धतीने काढतात. कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटदुखी असणाऱ्या रुग्णाचा त्यामुळे जीव वाचतो. या शास्त्रात भारत मागे नाही. हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना या क्षेत्रातील कार्यासाठी २०२५ साली पद्मविभूषण मिळाले, आणि त्यांच्या संस्थेत परदेशांतील डॉक्टरही शिकायला येतात.

मोठ्या आतड्यातील मांसल गाठी, म्हणजे पॉलिप, तारेच्या फासाने काढण्याची पद्धत १९६९ पासून रूढ झाली. याचे महत्त्व असे, की मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा अशाच गाठीतून, बऱ्याच वर्षांच्या कालावधीत वाढतो. गाठ वेळीच काढली तर तो कर्करोग होण्याआधीच टळतो. बुडीत होण्यापूर्वीच वसूल झालेले कर्ज ते हेच.

नातवंडे असलेल्या घरांसाठी एक इशारा. खेळण्यातील किंवा घड्याळातील चपटा बटन सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतील अस्तर जळू लागते. केळी चारणे, शौचाची वाट पाहणे असे उपाय करीत बसू नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. तो दुर्बिणीने काढता येतो.

कोणी करावी, कोणी करू नये?

प्रत्येक ढेकरासाठी दुर्बीण नको. पंचविशीतील मुलाला लग्नाच्या पंगतीनंतर जळजळ झाली, तर त्याला पथ्य आणि काही दिवसांचे औषध पुरे. जंतूचा संशय असल्यास श्वासाची किंवा शौचाची तपासणीही करता येते. अकारण तपासणी हाही अपव्ययच आहे.

परंतु पुढील लक्षणांत मुदतवाढ नको : घास अडकल्यासारखा वाटणे, रक्ताची उलटी किंवा काळा शौच, प्रयत्न न करता वजन घटणे, वारंवार उलट्या, आई-वडील किंवा भावंडांत जठराचा कर्करोग, आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार. मोठ्या आतड्याबाबत, शौचावाटे रक्त जाणे किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल. शौचावाटे रक्त गेले की 'मूळव्याध आहे' असे आपण स्वतःच निदान करतो. बहुतेक वेळा ते खरेही निघते, पण पन्नाशीनंतर ते खरे आहे हे पाहूनच मानावे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर स्वतःच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना तो ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी करावी, असा संकेत आहे.

आणखी एक लक्षण आपल्या घरांत सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते. ते म्हणजे रक्तक्षय. घरातील साठीच्या काकूंचे हिमोग्लोबिन ८ आले, की 'उपवास फार करतात, शाकाहारी आहेत' असे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. उपवास आणि आहार हे कारण असूही शकेल. परंतु मासिक पाळी बंद झालेल्या स्त्रीला आणि कोणत्याही वयाच्या पुरुषाला लोहाची कमतरता आढळली, तर पचनमार्गातून न दिसणारे रक्त जात नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. तपश्चर्येला दोष देऊन रोगाला मोकळे सोडणे हे ना धर्माला शोभते, ना व्यवहाराला. तसेच आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटू शकते. आपल्या शुद्ध शाकाहारी आहारात ते आधीच कमी असते, याचाही विचार व्हावा.

आपले नियम आणि तपासणीची तयारी

पुष्कळ कुटुंबे नियमांच्या विचाराने थबकतात. वास्तविक वरच्या भागाच्या तपासणीस आपल्याएवढी अनुकूल जीवनपद्धती दुसरी नाही. त्यासाठी ६ ते ८ तास पोट रिकामे लागते. चौविहार करणाऱ्याचे पोट सकाळी आपोआपच तयार असते. सकाळची पहिली वेळ मागावी म्हणजे झाले. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळचा डोस आधी विचारून घ्यावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती सांगावीत. मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

कोलोनोस्कोपीची तयारी थोडी कठीण असते. आदल्या दोन दिवसांत भात, मुगाचे वरण, ताक असा हलका आहार घेऊन पालेभाज्या, कोंडा आणि बिया टाळाव्या लागतात. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेले लिंबूपाणी, मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी यांवर राहावे लागते आणि आतडे स्वच्छ करणारी पावडर पुष्कळ पाण्यातून प्यावी लागते. ती उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळण्यास हरकत नसते. अडचण वेळेची असते. डॉक्टर अर्धा भाग रात्री आणि अर्धा पहाटे घ्यायला सांगतात. चौविहार असेल तर हे आधीच मोकळेपणाने सांगून दुपारची वेळ मागावी. मग पहिला भाग सूर्यास्तापूर्वी आणि दुसरा नवकारशीनंतर घेऊन, तपासणीच्या किमान दोन तास आधी संपवणे बहुधा जमते. विचारणाऱ्याला मार्ग मिळतो. न विचारता अर्धीच पावडर पिणाऱ्याची तपासणी मात्र अपुरी राहते आणि पुन्हा करावी लागते.

औषधांच्या कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल गोळीच्या रूपात मिळते, आणि काही औषधे वनस्पतिजन्य वेष्टनातही येतात. चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगितले तर ते पर्याय देतात.

अठ्ठाई किंवा आयंबिलाची ओळी चालू असताना तातडी नसलेली तपासणी पारण्यानंतर ठेवावी. ज्यांना पूर्वी व्रण किंवा रक्तस्राव झाला आहे, त्यांनी मोठे तप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी दोघांशीही बोलावे. रक्तस्राव चालू असताना मात्र थांबणे नाही. पच्चक्खाणाच्या पाठातच गंभीर व्याधीत समाधी टिकावी म्हणून आगार, म्हणजे सवलत, ठेवलेली आहे. आपल्या पूर्वाचार्यांची दृष्टी आपल्या भीतीपेक्षा व्यापक होती.

आणि उणोदरीचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरणार नाही. सहा बाह्य तपांतील हे दुसरे तप म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. जठराचे आम्ल वर चढण्याच्या विकारात डॉक्टर हेच सांगतात : कमी खावे, आणि जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला हे वेगळे पाळावेच लागत नाही. दुकान वाढवून रात्री साडेदहाला फरसाणासह जेवणारा आणि वर सुपारी चघळणारा माणूस मात्र आपल्याच घरातील औषध विसरलेला असतो.

खर्च, विमा आणि कागद

केवळ निदानासाठी केलेली तपासणी अनेक आरोग्यविमा पॉलिसींत रुग्णालयभरती दाखवूनही मंजूर होत नाही. दुर्बिणीतून उपचार झाला असल्यास तो बहुधा 'डे केअर' म्हणून मंजूर होतो. त्यामुळे आपल्या पॉलिसीतील अटी आधी वाचाव्यात आणि पूर्वमंजुरी घ्यावी. केंद्र निवडताना दरासोबत तीन प्रश्न विचारावेत. दुर्बीण प्रत्येक रुग्णानंतर घासून धुऊन जंतुनाशकात ठरलेला वेळ ठेवतात का? गुंगी देताना रक्तातील प्राणवायू मोजत राहतात का? गुंतागुंत झाल्यास पुढील सोय कोठे आहे? साध्या तपासणीत आतड्याला इजा होणे अतिशय क्वचित, काही हजारांत एखाद्याला घडते. परंतु ईआरसीपीनंतर १०० पैकी साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून ती अनुभवी हातांनी आणि खरी गरज असतानाच व्हावी.

अहवाल हाती आल्यावर शब्दांनी घाबरू नये. 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' म्हणजे जठराच्या खालच्या भागाला आलेली सूज. अनेक अहवालांत ती लिहिलेली असते. अन्ननलिकेच्या दाहाला 'ए' ते 'डी' अशा चार श्रेणी असतात. 'ए' सर्वांत सौम्य. मात्र दोन गोष्टींत हयगय नको. बायोप्सीचा अहवाल काही दिवसांनी येतो आणि तो आणण्याचे पुष्कळांकडून राहून जाते. तपासणीचे पैसे भरायचे आणि निकाल न्यायचाच नाही, असा व्यवहार आपण दुकानात कधी करू का? दुसरे, जठरात व्रण निघाला असेल तर औषधांनंतर दोन-तीन महिन्यांनी तो भरला की नाही हे पुन्हा दुर्बिणीने पाहावे लागते. बरे वाटते म्हणून ही दुसरी फेरी टाळू नये.

आणि तपासणीत काहीच निघाले नाही तर? 'पैसे वाया गेले' असे म्हणणारे भेटतात. हिशोबतपासनीसांनी निर्दोष शेरा दिला म्हणून त्यांची फी वाया गेली, असे कोणताही शहाणा व्यापारी म्हणत नाही. त्या शेऱ्यावर तो वर्षभर निश्चिंतपणे व्यवहार करतो.

वाचकांनी या महिन्यात घरातील साठीपुढच्या मंडळींना जेवणाच्या ताटावर सहज दोन प्रश्न विचारावेत : पित्ताची गोळी किती वर्षांपासून चालू आहे, आणि ती कोणत्या तपासणीनंतर सुरू झाली? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पोटविकारतज्ज्ञांची भेट ठरवावी. दुर्बीण लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्यावे. सोबत घरातील कोणीतरी जावे, चालू औषधांची यादी न्यावी, आणि वेळ मार्चअखेरनंतरची मागू नये.